निबंधात वारलेले वडील

एम.ए.चा निकाल लागला आणि त्याच पावसाळ्यात मला चांद्याच्या नव्या कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी मिळाली. एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली काही वर्षं. गडचिरोली, आरमोरी, सिरोंचा हे सगळं तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. नागपूरच्या आमच्या नातेवाइकांत "गेली बिचारी जंगलात" असं माझ्याबद्दल बोललं गेलं. आईनं बरोबर लोणच्याच्या बरण्या आणि तापाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या तशाच राहिल्या. लोणचं मात्र महिन्याभरात संपलं, कारण माझ्या खोलीवर येणाऱ्या मुलींना ते फार आवडलं.

कॉलेज बंद पडलेल्या एका जिनिंगच्या इमारतीत भरे. शिकवता शिकवता वरच्या तुळईवरून कापसाचा जुना तंतू तरंगत खाली येई आणि सगळ्या वर्गाचे डोळे त्याच्या मागे जात. शिकवणारी बाई मी एकटीच. मुलीही मोजक्याच, पहिल्या बाकावर एकमेकींना चिकटून बसणाऱ्या. मुलं जिल्ह्याच्या सगळ्या बाजूंनी आलेली. कोणी गोंडपिपरीकडचं, कोणी आरमोरीकडचं, सिरोंच्याच्या एकाच्या घरी तेलुगू बोलत, जंगलातल्या गावाहून आलेल्या दोघांच्या घरी गोंडी. बहुतेकांच्या घरातलं कॉलेजात पोचलेलं ते पहिलंच माणूस.

वर्गात ही मुलं मुकी असत. "समजलं का?" म्हटलं की सगळ्यांचं एका सुरात "होय जी". पण तास संपून ती बाहेरच्या कडुनिंबाखाली गेली की त्यांना कंठ फुटे. रानडुकरानं कोणाच्या धानात कसा धिंगाणा घातला, पंगतीत कोणाचं धोतर कसं सुटलं, हे ती इतकं रंगवून सांगत की मी खिडकीशी पुस्तकं आवरत उगाच रेंगाळे.

श्रावणात मी इंटरच्या वर्गाला पहिला निबंध घातला. विषय होता, 'मला घडवणारी व्यक्ती'. निबंध आले आणि वाचता वाचता मी गार पडले. कडुनिंबाखालची ही मुलं कागदावर भलतीच भारदस्त झाली होती. त्यातला एक निबंध तर काळजाला हात घालणारा होता. तो आरमोरीकडच्या एका उंच, लाजाळू मुलाचा. "त्या काळरात्री वारा करुण स्वरात विलाप करीत होता. बाबांनी थरथरत्या हाताने माझे मस्तक कुरवाळले आणि त्यांची प्राणज्योत मालवली. त्या क्षणी मी पोरका झालो." अशी चार पानं.

दुसऱ्या दिवशी मी तो वर्गात वाचून दाखवला. शेवटच्या परिच्छेदाला माझा आवाज कापला आणि मला थांबून चष्मा पुसावा लागला. वर पाहिलं तर मागच्या बाकांवरची मुलं माना खाली घालून बसलेली, कोणाकोणाचे खांदे हलताहेत. एकजण तोंडावर रुमाल धरून बाहेरच पळाला. मला भरून आलं. केवढी हळवी मुलं ही! ज्याचा निबंध होता तो मात्र समोरच्या बाकावरची एक गाठ बोटानं कोरत होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

मी प्राचार्यांच्या घरामागच्या खोलीत राहत असे. संध्याकाळी ही गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी ती आपल्या पत्नीला सांगितली. त्यांना सगळं कॉलेज काकू म्हणे. काकूंना मूलबाळ नव्हतं आणि कोणी उपाशी आहे अशी नुसती शंका आली तरी त्यांना चैन पडत नसे.

"बापाविना पोर, आणि त्या होस्टेलच्या वरणावर जगतंय?" काकू म्हणाल्या. "त्या वरणात डाळ शोधायला कंदील लागतो. दर रविवारी इकडे जेवायला येऊ दे त्याला."

मुलानं आढेवेढे घेतले. "नाई जी, नको" म्हणून पाहिलं. काकूंना वाटलं, पोर मानी आहे. त्या आणखीनच विरघळल्या. तो रविवारी येई, मान खाली घालून जेवी आणि ताट स्वतः घासून ठेवी. दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा काकूंनी प्राचार्यांचा जुना लोकरी कोट शिंप्याकडून आवळून त्याला दिला. तो कोट घालून तो वर्गात आला तेव्हा मला इतकं समाधान वाटलं, जणू मीच तो विणला होता.

धानाची कापणी-मळणी उरकली, पौष लागला. एक दिवस दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत एकटी बसले होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, आरमोरीकडून कोनी पाहुना आला."

त्याच्यामागून एक धिप्पाड माणूस आत आला. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर लाल काठाचा शेला, डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि स्वच्छ तासलेली मिशी. त्या भागात त्या वयाचा माणूस बिनमिशीचा दिसणं तसं विरळाच.

"रामराम बाई. माझा पोरगा तुमच्या इंटरात हाय. लंबा हाय, कमी बोलते. नवा लुचई तांदूळ निंगाला, मनलं मास्तरलोकाइले देऊन यावं."

वर्गात आरमोरीकडचा, लंबा आणि कमी बोलणारा असा एकच होता. मी म्हटलं, "तुम्ही त्याचे काका का?"

"नाई जी. बाप."

"म्हणजे... चुलत?"

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "चुलत बाप कसा असंल, बाई? सख्खा हाव मी."

मी शिपायाला मुलाला बोलवायला पाठवलं. तो धावत आला आणि उंबऱ्यातच खिळला. कोटाच्या वर त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"ये नं," वडील म्हणाले. "असा काय पायतं? मी का भूत हाव?"

मला राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे. वर्गासमोर पुसलेला चष्मा आठवत होता, काकूंची ताटं आठवत होती. मागच्या बाकांवरचे ते हलणारे खांदे कशानं हलत होते तेही आत्ता कळलं. तेवढ्यात वडिलांनी विचारलं, "पोरगा शिकते का बराबर?"

मी मुलाकडे रोखून पाहत म्हटलं, "लिहितो तर फारच छान. तुमच्यावरच निबंध लिहिलाय त्यानं."

टोमणा मुलाला होता. तो वडिलांना कसा कळणार? त्यांचा चेहरा एकदम उजळला. "माझ्यावर? कालेजात?" खुर्ची बाजूला सारून ते जमिनीवर मांडी घालून बसले, कीर्तनाला बसावं तसे. "मंग वाचून दाखवा न, बाई. मले वाचता येत नाई."

आता आली का पंचाईत! निबंधांचा गठ्ठा मागच्या कपाटात होता. मी त्यातून त्याचा निबंध काढला, वरचं पान पाहिलं, 'काळरात्र' दिसली. एवढं तांदळाचं गाठोडं घेऊन आलेल्या माणसाला त्याचाच मृत्यू वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही. पण मुलाला सहजासहजी सोडवावं असंही वाटेना. मी कागद त्याच्यापुढे धरले.

"निबंध तुझा आहे. तूच वाच."

त्यानं कागद घेतले. बाहेरच्या अंगणातून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"माझे बाबा," त्यानं सुरुवात केली आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "माझे बाबा धान करतात. पण दंडारीत ते राणी होतात."

मी दचकले. निबंधात दंडार नव्हती, राणीही नव्हती. आमच्या ह्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाच-सोंगांचा हा खेळ होतो आणि त्यात बायकांची कामं पुरुषच करतात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. तासलेल्या मिशीचं कोडं सुटलं. मुलाचे डोळे कागदावर होते, पण ते ओळींवरून सरकत नव्हते. एकाच जागी खिळले होते.

"मी लहान होतो. मायच्या मांडीवर बसून दंडार पाहून राह्यलो होतो. हिरवं लुगडं नेसून राणी आली. लोक म्हनाले, तो पाय तुझा बाप. मले काही बाबा दिसले नाई. मले वाटलं, बाबाले कोनी घेऊन गेलं आन् त्याइच्या जागी ही बाई आनली. मी बोंब मारली, मले माझे बाबा पायजे म्हनून. तवा राणी तशीच खाली उतरली, मले उचललं, कमरेवर घेतलं आन् पुन्हा वर जाऊन सोंग करू लागली. राजानं विचारलं, राणी, हे लेकरू कोनाचं? राणी म्हनाली, तुमचंच जी महाराज."

वडिलांनी मांडीवर थाप मारली. खदखदून हसताना त्यांचा शेला खाली पडला. "हे बी लिवलं का? राजाचं बी लिवलं?"

"लिवलं, बाबा."

"मंग पुढं?"

पुढे मग स्टेशनाची गोष्ट आली. मुलगा पहिल्यांदा चांद्याला निघाला तेव्हा वडील त्याला वडशाच्या स्टेशनावर सोडायला आले होते. आमच्याकडची ती छोटी गाडी, तिचा वेग सगळ्यांना माहीत. गाडी हलली, वडील खिडकीला धरून बाजूनं चालू लागले. वेळेवर जेव, भांडू नको, मास्तरचं ऐक, पाण्यात खोल जाऊ नको. फलाट संपला तरी त्यांचं सांगणं संपेना. ते रुळाशेजारच्या झुडपांतून चालतच राहिले. डब्यातले लोक म्हणू लागले, बुवा, आत येऊन बसा न, एवढं चालता तर.

"तिकीट कोठी होतं माझ्यापाशी!" वडील मधेच म्हणाले.

"मंग गाडीनं थोडा जोर धरला," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "बाबा उभे राह्यले. मले त्याइचं धोतर दिसत होतं. पांढरं. मंग झाडं आडवी आली."

तो थांबला. वडिलांनी शेल्यानं डोळे पुसले, नाकही पुसलं.

"बस?"

"बस."

"बराबर लिवलं," ते म्हणाले. "एकच चुकलं. लुगडं हिरवं नोतं, जांभळं होतं. तुझ्या मायचं होतं, तिले विचार." मग माझ्याकडे वळून, "पुरे मार्क भेटले का जी याले?"

"ह्या निबंधाचे द्यायचे आहेत अजून," मी म्हटलं. हे अगदी खरं होतं.

उठता उठता त्यांचं लक्ष कोटाकडे गेलं. "हा कोट कोनाचा गा?" मुलानं खाली पाहिलं. मी म्हटलं, "प्राचार्यांच्या घरून मिळाला. का मिळाला ते तो तुम्हाला सांगेल, त्याच्या तोंडानं." वडिलांना परतीची गाडी गाठायची होती. तांदळाचा एक वाटा माझ्याकडे, एक प्राचार्यांच्या घरी असं बजावून ते गेले.

त्यांना स्टेशनावर पोचवून मुलगा परत आला तो थेट माझ्यासमोर कडुनिंबाखाली उभा राहिला.

"बाई, मले कालेजातून काढून टाका."

"ते नंतर बघू. आधी हे सांग, आज जे सांगितलंस ते तेव्हाच का नाही लिहिलंस?"

"लिवलं होतं जी. आधी दंडारीचंच लिवलं होतं. मंग वाटलं, असं का निबंधात लिहितेत? होस्टेलात एक पुस्तक हाय, नागपूरहून आनलेलं. साऱ्याइनं त्यातूनच लिवलं. त्यात पाह्यलं त साऱ्याइचे बाप मरतेत. नाई त माय मरते. ज्याचे दोघंही जिते हायत त्यानं काय लिहावं?"

मला हसू फुटत होतं. ते दिसू नये म्हणून मी झाडाच्या शेंड्याकडे पाहू लागले.

"आन् मी कोनाले सांगतलं नाई जी का बाबा मेले म्हनून," तो काकुळतीनं म्हणाला. "निबंध तुमी वाचला, तुमीच रडल्या. मंग काकूनं जेवाले बलावलं. मंग कोट दिला. आता कोनत्या तोंडानं सांगू?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खोटं एकदाच लिहिलं होतं. पुढे ते आम्हीच जेवू घालून वाढवलं होतं. पण एवढ्यानं सुटका होणार नव्हती. मी त्याला सांगितलं, ह्या निबंधाला शून्य. नवा निबंध लिहायचा, आज बोललास तोच. आणि दोन माणसांना हे स्वतः जाऊन सांगायचं. एक काकू, दुसरे तुझे बाबा.

शून्याला त्यानं लगेच मान हलवली. दोन माणसांचं ऐकून मात्र त्याचा चेहरा पडला. मग त्यानं विचारलं, "नवा निबंध कसा लिहू? मले-तुले, सगळं तसंच?"

"बाबा आणि राजा बोलतील ते त्यांच्या बोलीत. बाकीचं तुला साधेल तसं लिही."

प्राचार्यांना सांगणं माझ्याकडे होतं. त्यांच्या खोलीत तेव्हा इंग्रजीचे प्राध्यापक बसले होते. ते शिस्तीचे. "काढून टाका," ते म्हणाले. "एकाला काढलं की बाकीचे आपोआप सरळ येतात."

"बाकीचे पुढच्या वेळी बाप न मारता मामा मारतील," मी म्हटलं. "त्यांना चोरी पकडली जाण्याची भीती बसेल, लिहिण्याची भीती तशीच राहील. आणि काढायचंच तर आख्खा वर्ग काढावा लागेल, सर. पुस्तक एकच आहे आणि ते सगळ्यांत फिरलंय."

इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, "मग शिक्षा काहीच नाही?"

"शून्य आहे. आणि त्यानं काकूंना तोंडावर सांगायचंय. तुम्हाला हे सोपं वाटतं का?"

प्राचार्य संस्कृतचे, फार मोजकं बोलत. ते म्हणाले, "सोपं नाही. मी तीस वर्षांत तिला एकही गोष्ट लपवून नंतर सांगू शकलेलो नाही." मग जरा विचार करून, "आणि माझ्या कोटाचं काय?"

त्या रविवारी तो काकूंकडे आला. मागच्या दाराशी माझी खोली, त्यामुळे मला न ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं तांदूळ ओट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "काकू, माझे बाबा जिते हायत."

"अगं बाई!" काकू ओरडल्या. "परत आले?"

"नाई जी. ते गेलेच नोते."

मग काकूंचा आवाज चढला. "अरे मेल्या, मी सर्वपित्रीला त्यांच्या नावानं पान मांडलं रे! खीर, वडे, सगळं केलं! चांगल्या जित्याजागत्या माणसाच्या नावानं कावळ्याला घास घातला!"

मी दाराआडून पाहिलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकूंनी ते पाहिलं असावं. त्या पाटावर बसल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "कावळ्यानं शिवायला दुपार केली त्या दिवशी. मला तेव्हाच कळायला हवं होतं." आणि मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता पदर तोंडाला लावून त्या नीट बसल्या आणि हुकूम सोडला. "रविवारी येत जा. पण जेवायच्या आधी विहिरीचं पाणी काढायचं, दोन्ही हौद भरायचे. बाप असलेल्या पोरांना मी फुकट जेवू घालत नाही."

"आन् कोट, काकू?"

"कोट राहू दे. बाप असणाऱ्यांनाही थंडी वाजते."

राहिला वर्ग. मी सोमवारी वर्गात गेले आणि कोणावरही न ओरडता म्हटलं, "ते पुस्तक उद्या टेबलावर हवं. कोणी ठेवलं ते मी विचारणार नाही." दुसऱ्या दिवशी ते टेबलावर होतं. कोपरे झिजलेले, पानांना तेलाचे डाग. इतकं वापरलेलं पुस्तक आमच्या ग्रंथालयात दुसरं नव्हतं.

मी ते जप्त केलं नाही. त्यातला 'नदीकाठची संध्याकाळ' हा निबंध मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "ह्यातलं आपल्या वैनगंगेला काय लागू पडत नाही, सांगा." मग मागून एकजण घाबरत म्हणाला, "शिडाची होडी कोठी हाय जी? आमच्याकडं डोंगा चालते." दुसरा म्हणाला, "हंस बी नाई." तिसरा, "संध्याकाळी नदीवर शांतता कोठी असते? ढोरं येतात पानी प्याले, धोबी भांडते." तासाची घंटा झाली तरी कोणी उठेना. कडुनिंबाखालचा गलका अखेर छपराखाली आला होता.

त्यानंतर माझा एकच नियम राहिला. निबंध द्यायचा आणि मग दोन मिनिटं माझ्याशी त्यावर बोलायचं. ज्याच्यावर लिहिलं त्या माणसाला काय आवडतं, तो चालतो कसा, रागावला की काय करतो. ज्यानं स्वतः लिहिलं असेल त्याला दोन मिनिटं कमीच पडत. ज्यानं उतरवलं असेल तो पहिल्याच प्रश्नाला छताकडे पाहू लागे. मग मी निबंध परत देई आणि म्हणे, "पुन्हा आण." जंगलातल्या गावाहून आलेल्या एकानं मोहफुलं वेचायला भल्या पहाटे आईबरोबर जाण्याबद्दल असं लिहिलं की मी तो निबंध वाचून दाखवताना पुन्हा चष्मा पुसला, आणि ह्या वेळी कोणाचे खांदे हलले नाहीत.

सगळेच सुधारले असं मात्र नाही. गावातल्या एका सधन घरचा मुलगा होता. त्याचे निबंध त्याचा मावसभाऊ लिहून देई. परत दिला की दुसरा आणे, तोही मावसभावाचाच. चेहऱ्यावर इतकं गोड हसू की रागावता येऊ नये. तिसऱ्या वेळी मी त्याला शून्य दिलं आणि चाचणी परीक्षेत नापास केलं. त्याचे वडील तणतणत प्राचार्यांकडे आले. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या भाच्याला आमच्याकडे पाठवा, तो उत्तम पास होईल." मुलगा कॉलेज सोडून गेला. पुढे त्यानं बाजारात कापडाचं दुकान टाकलं. मी गेले की तो सगळ्यांत आधी मला पाट देई आणि लुगड्याचा खरा भाव सांगे. तिथं त्याला कोणाची नक्कल करावी लागत नव्हती.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, उपासाच्या पारण्याला, प्राचार्य, काकू आणि मी मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. वैनगंगेच्या वाळूत पालं पडली होती, फुटाणे, बांगड्या, पितळी भांडी, आणि देवळाच्या दगडी भिंतींपर्यंत माणसांची रीघ. त्या गर्दीत काकूंनाच तो लोकरी कोट पहिल्यांदा दिसला. मुलगा, त्याची आई आणि वडील दर्शन करून येत होते. मी त्याला बाजूला घेतलं.

"सांगितलंस का बाबांना?"

"आताच सांगतलं जी. देवाच्या दारात."

"मग?"

तो उत्तर देण्याआधीच वडील जवळ आले. ते रागावले असतील अशी माझी समजूत होती. ते गंभीर तर दिसत होते.

"बाई," ते म्हणाले, "यानं मले निबंधात मारलं म्हनते."

"हो. चुकलंच त्याचं. त्याबद्दल त्याला शून्य मिळालंय."

"ते ठीक हाय. पन मले कशानं मारलं, ते सांगत नाई हा. तुमी सांगा."

मला नाइलाजानं सांगावं लागलं. "तापानं."

"तापानं?" ते मुलाकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. "तापानं, गा? खाटेवर? एवढं जंगल हाय आपल्याइकडं, वाघानं तरी माराचं होतं!"

काकूंच्या हातातला प्रसाद हसण्यानं सांडला. मुलाची आई पदराआड हसत होती. तिनं मला हळूच सांगितलं की लुगडं जांभळंच होतं आणि दंडारीत नेसून नेसून ते विटलं.

मग काकूंनी मुलाच्या वडिलांना समोर बसवून बरोबर आणलेली पुरणाची पोळी खाऊ घातली. सर्वपित्रीचं पान कावळ्यानं खाल्लं होतं, ह्याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं. वडिलांनीही दोन पोळ्या जास्त घेऊन काकूंचं समाधान केलं. परतताना नदी ओलांडायला आम्ही सगळे एकाच डोंग्यात बसलो. नावाडी वडिलांच्या ओळखीचा निघाला. त्यानं विचारलं, ह्या शहरच्या बाई कोण.

"तुले माहीत नाई?" ते छाती पुढे काढून म्हणाले. "ह्याइच्याच कालेजात मी मेलो होतो."

नावाड्याचा बांबू हातातच राहिला. "आन् मंग?"

"मंग काय? आयक." डोंगा प्रवाहात आडवा होऊ लागला, काकूंनी माझा हात घट्ट धरला, पण ते अगदी पहिल्यापासून, सावकाश सांगू लागले. त्यांच्या सांगण्यात ते वाघानं मेले होते.